मेढीवरच्या दोन रेघा

मथुराकाकी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सोळाही दिवस गाव तुमच्याबद्दल चांगलंच बोलतंय. खारबांधाची उघाडी तुमच्याइतकी कुणाला कळली नाही, खाडीचं पाणी तुमचं ऐकायचं, असं पारावर बसून ती माणसं सांगतात, जी तुम्ही जिवंत असताना तुम्हाला पाहून हसायची. मी ऐकतो आणि उठून घरी येतो. मला रागावण्याचा अधिकार नाही. तुमच्याबद्दल जी एक गोष्ट गावाला सांगायला हवी होती, ती फक्त मला माहीत होती, आणि मी अठ्ठावीस वर्षं मूग गिळून बसलो होतो.

ती परवा सांगितली. कशी सांगितली ते तुम्हालाच पहिल्यांदा कळवायला हवं, म्हणून हे लिहायला बसलोय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्ही जाणता. "सायेब, तुमी पहिला कागद काढता, मग चष्मा काढता, मग बोलता," असं तुम्हीच म्हणायचात. तेव्हा थोडं धीरानं घ्या.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे मी पालघरच्या पंचायत समितीत ओव्हरसिअर म्हणून आलो. गाव माझं माण तालुक्यातलं. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे आडात वाकून बघायचं. समुद्र मी नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी केळव्याला पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिल्या पाहिल्या मला तो फार शिस्तीचा वाटला. येतो, जातो, पुन्हा येतो. अशा माणसाकडे तुमच्या खाडीकाठच्या गावातल्या बांधकामांची तपासणी आली, यात चूक कुणाची, हे सरकारलाच ठाऊक.

तुमची माझी पहिली भेट शाळेच्या नव्या खोलीपाशी झाली. मी फीत धरून जोत्याची उंची मोजत होतो. परिपत्रक होतं की जोतं रस्त्याच्या मध्यापासून दीड फूट वर हवं. तुम्ही बांधावरून आलात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, कासोटा घातलेला, हातात उघाडीच्या फळीला लावायची लाकडी खुंटी. मला वाटलं कामावरची बाई असेल. ग्रामपंचायतीच्या सदस्य तुम्ही आहात हे मला नंतर ग्रामसेवकानं कानात सांगितलं.

"सायेब, जोतं कुठनं मोजलं?"

"रस्त्यापासून."

"आणि रस्ता कुठनं मोजला?"

मी हसलो. अडाणी प्रश्न वाटला मला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पुनवेला या. दुपारी बाराच्या आत या, उशीर करू नका."

मी आलो, ते केवळ तुमची जिरवायला. श्रावणाचे दिवस होते. बाराला थोडं कमी असताना मी शाळेपाशी पोचलो तेव्हा शाळा होती, जोतं होतं, रस्ता नव्हता. जिथे रस्ता असायला हवा तिथे पाणी होतं आणि त्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून तुम्ही डोक्यावर छत्री धरली होतीत. "या," म्हणालात, "मोजा आता. मध्य सापडतो का बगा."

काकी, त्या दिवसापासून मी तुमच्यापुढे आ वासून उभा आहे. आजही माझं तोंड मिटलेलं नाही.

उघाडी म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवलंत. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध, बांधाला खाली लाकडी दार. ओहोटीला दार उघडायचं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला दार लावायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एवढंच. पण मोठ्या उधाणाला खारं पाणी बांधावरूनही सांडतं, आणि त्याच दिवशी डोंगरात जोराचा पाऊस झाला तर दार उघडता येत नाही आणि आतलं पाणी चढत राहतं, बाहेरचंही चढत राहतं, आणि मधे गाव. तुमच्या सासऱ्यांनी हे दार सांभाळलं, मग नवऱ्यानं, आणि तो गेल्यावर तुम्ही. माझ्या खिशात मुंबई बंदराचं भरतीचं छापील कोष्टक असायचं. तुम्ही तिथीची पाऊणपट करायचात, म्हणजे भरतीचा तास निघायचा, मग खाडीच्या तोंडाकडे एकदा बघायचात आणि म्हणायचात, "पाणी वळलं." मी घड्याळ बघायचो. माझं कोष्टक दर वेळी चुकायचं. नंतर लक्षात आलं की कोष्टक बंदराचं होतं, आणि तिथून तुमच्या उघाडीपर्यंत यायला पाण्याला जो वेळ लागतो तो कोणत्याच छापखान्यात गेला नव्हता.

पण खरी थक्क करणारी गोष्ट होती ती मेढ.

तुमच्या गावात कुणी नवं घर बांधायचं ठरवलं की पावसाळ्याआधी त्या जागेच्या मधोमध एक बांबू रोवायचा. गावात त्याला मेढच म्हणत. चुन्यात गूळ घोटून तो पांढरा रंगवायचा, पावसानं रंग धुतला जाऊ नये म्हणून वर ताडाच्या पानाची टोपी घालायची आणि पावसाळाभर त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. दसऱ्याला तुम्ही यायचात. पाणी जिथवर चढलं तिथवर गाळाची रेघ उमटलेली असायची. त्या रेघेच्या वर एक हात मोजायचं, तेवढं जोतं. त्याच्या खाली वीट ठेवायची नाही. हा गावाचा कायदा होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

पहिली मेढ तुम्ही मला दाखवलीत ती एका वारली कुटुंबाची. मिठागरावर कामाला उतरलेला गडी, त्याला खोपट बांधायचं होतं. खोपटालाही मेढ? मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पाण्याला काय कळतं, खोपट कोन्चं आनि माडी कोन्ची." मग त्या बांबूवरून बोट फिरवत तुम्ही वाचायला लागलात. "ही तांबडी रेघ बगा. ही डोंगरची माती. म्हंजे हे पावसाचं पाणी. ही काळी. हा खाडीचा गाळ, उधाणाचा. आणि इथं, ही वरची. ही तांबडी पण नाय, काळी पण नाय. इथं दोघांची गाठ पडली. मोजायचं ते हितनं."

एका बांबूवर एका पावसाळ्याची सगळी हकीगत. मी डिप्लोमाला पहिला आलो होतो, काकी. मला कुणी असं पाणी वाचायला शिकवलं नव्हतं.

म्हणूनच मी हट्ट धरला की हे लिहून काढायचं. तोंडी नियम किती दिवस टिकणार? बोईसरला कारखाने उभे राहत होते, तारापूरच्या अणुकेंद्राचे लोक होतेच, कामगारांना खोल्या हव्या होत्या. ओहोळाकाठची सखल शेतं असलेल्यांना चाळी बांधायची घाई झाली होती. ग्रामपंचायतीचा ठराव झाला तर परवानगी नाकारता येईल, मी म्हणालो. तुम्हाला ते पटत नव्हतं. "लिवलं की लोकं त्याला फट शोधतात," म्हणालात. आपण बांधावर बसून किती भांडलो! शेवटी तुम्ही म्हणालात, बरं, लिवा: पाऊस आणि उधाण यांची गाठ पडेपर्यंत मेढ ठेवावी, आणि मग जोतं मोजावं.

मी म्हणालो, "असं लिहिलं तर वरच्या ऑफिसात हसतील. कायद्याला मुदत लागते."

"समुद्राला लागत नाय."

पण लिहिणारा मी होतो. मी लिहिलं, 'एक पावसाळा'. सुबक अक्षरात, तळटीप नाही, खाडाखोड नाही. तुम्ही नुकत्याच सही करायला शिकला होतात. खूप वेळ लावून तुम्ही त्याखाली नाव लिहिलंत आणि पेन मला परत देताना म्हणालात, "घ्या तुमचा एक पावसाळा."

ती फट पहिल्यांदा कुणी शोधली असेल, तर ती मी.

शैला आणि मी तेव्हा बोईसरला भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. आजूबाजूला सगळे कंपनीतले लोक, हिंदी बोलणारे, तीन पाळ्यांमध्ये येणारे-जाणारे. दिवसा झोपलेल्या माणसांमुळे तिला भांडंसुद्धा जपून ठेवावं लागे. तिला मूल हवं होतं, पण त्या खोलीत नव्हे. तुमच्या गावात मला जागा मिळाली आणि तुम्हीच ती मिळवून दिली होती. मी रीतसर मेढ रोवली. चुना मीच घोटला, टोपी मीच बांधली. दसऱ्याला तुम्ही आलात. त्या दिवशी जागेवर आपण दोघंच होतो.

तांबडी रेघ माझ्या पिंढरीशी होती. काळी गुडघ्याशी. मध्ये पांढरा चुना जसाच्या तसा.

तुम्ही बोट फिरवलंत, वर बघितलंत, पुन्हा खाली. "यंदा गाठ पडली नाय," म्हणालात. "पाऊस आला तो भांगाच्या दिवसांत, पाणी कमी होतं तवा. उधाण आलं ते कोरडं. या मेढीनं कायबी सांगितलेलं नाय, सायेब. आणखी एक वरीस ठेवा."

मी म्हणालो, ठरावात एक पावसाळा आहे.

"तो तुमी लिवलाय."

"आणि तुम्ही सही केलीय."

हे मी तुम्हाला म्हणालो, काकी. ते वाक्य बोलल्यावर तोंडात आलेली चव मला अजून आठवते. तुम्ही बांबू उपटलात, खांद्यावर टाकलात आणि चालू लागलात. दोन दिवसांनी पंचायतीत माझा अर्ज आला. गुडघ्याच्या काळ्या रेघेवर एक हात. सरपंचांनी विचारलं, कुणाकुणाची संमती? मी तुमच्याकडे बघत नव्हतो. तुम्ही हात वर केलात. बाजूनं. मला वाटलं, तुम्हाला माझं म्हणणं पटलं. इतका मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही.

घर बांधलं. पाऊस सुरू झाल्यावर शैला बाळंत झाली. पोरगी चाळीस दिवसांची असताना पिठोरी अमावास्या आली.

दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी अकराला ओहोळाचं पाणी अंगणात आलं, तांबडं. मला काळजी वाटली नाही. जोतं होतं ना. साडेअकराला मागच्या बाजूनं काळं पाणी आलं. मी दारात उभा राहून दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना पाहिलं, आणि मला जे कळायचं होतं ते तिथेच कळलं. बाराला पाणी उंबऱ्यावर होतं. साडेबाराला घरात. खाट तरंगायला लागली. मी शैलाला माळ्यावर चढवलं, पोरगी तिच्याकडे दिली, मग मीही चढलो. भरती उतरायला लागली होती, पण पाऊस थांबत नव्हता आणि उघाडीचं दार एवढंसं. बाहेरची खाडी खाली जात होती आणि आतलं पाणी चढतच होतं. पोरगी रडत होती. शैला रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मला तिची नजर सोसत नव्हती.

मी वरची दोन कौलं काढून डोकं बाहेर काढलं. कुणाला हाक मारावी म्हणून. पावसात बांधावर तीन माणसं दिसली. दोघं मिठागरावरचे वारली गडी आणि मधे तुम्ही. तुम्ही बांधावर कुदळी मारत होतात. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. बांध फोडतेय! खाडीशी सगळं आयुष्य भांडून जो बांध राखला, तो फोडतेय!

मग आवाज आला. तो आवाज मला सांगता येणार नाही. जमीनच हंबरल्यासारखा आवाज होता. आतलं पाणी तोंड सापडल्यासारखं धावलं. मी परत माळ्यावरून खाली बघितलं. भिंतीवर पाणी बोटाबोटानं उतरत होतं. आम्ही दोघं ते बघत बसलो. एक बोट, दोन बोटं. पोरगी झोपली. देवळात गेलो तरी मला कधी हात जोडावेसे वाटत नाहीत, पण त्या दुपारी माळ्यावर बसून मी हात जोडले होते, काकी, आणि ते तुम्हाला जोडले होते.

दुसऱ्या दिवशी कळलं की बांध जिथे फोडला तिथे आत तुमचंच शेत होतं. रात्रीच्या भरतीला समुद्र त्यात शिरला. उभं भात गेलं आणि पुढची तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवलं नाही. मी इंजिनिअरच्या नजरेनं नंतर बघितलं: पन्नास पावलं उत्तरेला फोडला असता तरी पाणी तितकंच उतरलं असतं. तिथे शेत दुसऱ्याचं होतं. मी तुम्हाला विचारलंसुद्धा. "दुसऱ्याच्या शेतावर कुदळ कशी मारू?" तुम्ही म्हणालात, जणू मी काही वेडगळ बोललो होतो.

याच्या पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं.

आठ दिवसांनी पंचायतीची बैठक झाली. कुणीतरी हसत म्हणालं, "काकीची मेढ खोटी निघाली. सायबांनी पुरा पावसाळा ठेवली होती, काकीनं सोता हात वर केला, तरी पाणी शिरलं." लोक हसले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्याबद्दल सहानुभूती वाटून. ग्रामसेवक आला नव्हता, इतिवृत्त मी लिहीत होतो. मी मान वर केली नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. तुम्ही म्हणू शकला असतात, मी त्याला नको म्हटलं होतं. पाच शब्द. तुम्ही पदरानं तोंड पुसलंत आणि पुढचा विषय घ्या म्हणालात.

घरी येऊन मी भिंतीवरची रेघ चुन्यानं पुसली. कमरेएवढी, तांबडी नाही आणि काळी नाही. कुणी येऊन ती वाचू नये म्हणून. दसऱ्याची वाटसुद्धा पाहिली नाही. मग घराची जमीन भर घालून उचलली, इतकी की आता दारातून येताना प्रत्येकाला वाकावं लागतं. पाहुणे विचारतात, दार एवढं ठेंगणं का? मी म्हणतो, गवंड्याचं चुकलं. गवंडी बिचारा चांगला माणूस होता.

ठराव रद्द झाला नाही, पण कपाटात गेला. लोक तालुक्याचं परिपत्रक दाखवून परवानगी घ्यायला लागले. रस्त्यापासून दीड फूट. आणि रस्ता कुठून मोजला, हे विचारणारं कुणी राहिलं नाही. ओहोळाकाठी खोल्या उभ्या राहिल्या. दर पावसाळ्यात त्यांत पाणी येतं; लोक खाटांखाली विटा ठेवतात, रॉकेलचा डबा फळीवर ठेवतात, आणि म्हणतात, पाऊस म्हटला की हे आलंच. तुम्ही मात्र कुणी नवं घर काढलं की चुन्यानं रंगवलेला बांबू घेऊन त्याच्या दारात जायचात. काही जण तुमचं मन राखायला रोवून घ्यायचे. काही जण हाकलायचे. मी माझ्या ठेंगण्या दारातून तुम्हाला तो बांबू घेऊन जाताना बघायचो. माझ्यामुळे तो तुमच्या खांद्यावर इतका हलका झाला होता, काकी. त्याला काही वजनच उरलं नव्हतं.

एकदा, मी निवृत्त झालो त्या वर्षी, बांधावर मी विषय काढला. म्हणालो, तुम्ही गावाला सांगितलं का नाहीत? तुम्ही उघाडीची फळी घासत होतात. "ती तुमची गोष्ट हाय," म्हणालात. "मी कशाला सांगू?" तुम्ही फळी घासत राहिलात. तिथेच मी सांगायला हवं होतं की मी सांगतो, उद्याच सांगतो. मी म्हणालो, फळी बदलायला झालीय. तुम्ही म्हणालात, हो, झालीय.

आपलं शेवटचं मोठं भांडणही त्याच जागी झालं, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणत होतो, कायदा लिहायलाच हवा, नाहीतर माणूस गेला की कायदा गेला. तुम्ही म्हणत होतात, लिवलेला कायदा पाळायला पण माणूसच लागतो. आता मला वाटतं, आपण दोघंही बरोबर होतो. पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मग इतकी वर्षं भांडत कशाला होता, सायेब?"

परवा ग्रामसभा होती. तुम्ही जाऊन चौदा दिवस झाले होते. शाळेत सतरंज्या टाकल्या होत्या. पाचवा विषय: घरबांधणीबाबत मेढीचा जुना ठराव रद्द करणे. आणणारा भास्कर. तुम्ही त्याला ओळखता. बोईसरच्या कारखान्यात आहे, आवाज मोठा, मन वाईट नाही. ओहोळाकाठी बापाचं शेत आहे, तिथे त्याला घर बांधायचंय. कंपनीची खोली दिवाळीनंतर सोडायची आहे, तीन पोरं आहेत. पावसाआधी जोतं घालायचं म्हणून विटा येऊन पडल्यात. नव्या ग्रामसेवकानं कपाटातून तो ठराव काढला आणि त्याची परवानगी अडवली.

भास्कर उभा राहिला. म्हणाला, "काकीबद्दल आमाला आदर हाय. पण ठराव चुकीचा हाय, हे गावाला ठावं हाय. हे सायेब बसलेत. त्यांनी पूर्ण पावसाळा मेढ ठेवली होती. काकीनं परवानगी दिली होती. तरी त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. चाळीस दिवसांची पोर माळ्यावर ठेवायला लागली. मग आमी कशाला वरीस घालवायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा तीच सहानुभूती. इतकी वर्षं माझं घर तुमच्याविरुद्ध साक्ष देत होतं आणि आता ते तुमचा कायदा पुरायला निघालं होतं. बायकांच्या बाजूला शैला बसली होती. तिला मी खरं काय ते फार पूर्वी सांगितलं होतं. तिनं तेव्हा एवढंच विचारलं होतं, गावाला कधी सांगणार? त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही.

मी उठलो. भिंतीला धरून उठलो. सगळं सांगितलं. तांबडी रेघ कुठे होती, काळी कुठे होती, मधला चुना कसा कोरा होता. तुम्ही काय म्हणालात आणि मी काय म्हणालो. ठरावात एक पावसाळा हे शब्द माझे, तुमचे नाहीत, हेही सांगितलं. भिंतीवरची रेघ मी पुसली ते सांगितलं. कागद काढला नाही, चष्मा काढला नाही.

बाहेर कुणाची तरी सायकल पडली, त्याचा आवाज आला.

भास्कर म्हणाला, "म्हंजे काकीनं तुमाला नको म्हटलं होतं?"

"हो."

"मग बैठकीत हात का वर केला?"

"मी सहीची आठवण करून दिली होती. काकी सहीला जागल्या."

त्यानं मला काही शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो सरपंचांकडे वळला, पण आवाज खाली आला होता. "आता काय करू सांगा. मेढ लावली तर घर पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर पोरं घेऊन राहू कुठं?"

"आमच्याकडे," शैला म्हणाली.

मला न विचारता. माझ्याकडे न बघता. "आमच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. लेक नांदायला गेली. तुम्ही या."

भास्कर गोंधळला. "वहिनी, यंदा पाऊस आणि उधाण वेगवेगळं आलं तर? मेढ काय बोललीच नाय तर?"

"तर त्याच्या पुढच्या वर्षीही राहा," शैला म्हणाली. "आम्ही कुठे जातोय?"

काकी, मी तुमच्याकडे बघून आयुष्यभर थक्क झालो आणि माझ्याच घरात कोण आहे हे मला परवा कळलं.

सरपंच म्हणाले, विषय मतांना टाकतो. ठराव रद्द करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. शाळा भरलेली होती. ओहोळाकाठच्या खोल्यांचे मालक होते, बांधकामाचे अर्ज दिलेले सात-आठ जण होते, त्या दिवशी पंचायतीत हसलेले दोघं-तिघंही होते, आता म्हातारे झालेले. ग्रामसेवक पेन घेऊन मोजायला तयार होता. कुणाचाच हात वर झाला नाही. भास्कर सतरंजीवर बसला होता आणि त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून ठेवले होते.